काचेतलं पाणी

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शांतोबाच्या लक्षात आलं, की पंप बराच वेळ वाजलेला नाही.

इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बॉयलरला पाणी पाजणारा हा पंप. दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा, मिनिटभर घरघरायचा आणि गप्प बसायचा. इतक्या वर्षांच्या सवयीने शांतोबाला ती घरघर ऐकूच येत नसे. आज ती नव्हती, म्हणून जाणवली. तीन आठवड्यांच्या रजेनंतरचा त्याचा हा पहिला दिवस. आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला गेल्यामुळे तो नऊला आला होता, आणि नऊपासून पंप एकदा तरी वाजल्याचं त्याला आठवेना.

त्याने काचेकडे पाहिलं. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी बोटभर जाडीची उभी काच असते, तिच्यात पाणी बरोबर अर्ध्यावर होतं. असायला हवं तिथेच. फक्त ते हलत नव्हतं. चालू बॉयलरचं पाणी काचेत सारखं थरथरत असतं, आणि हे मात्र बाटलीत भरून ठेवल्यासारखं उभं होतं. जो बॉयलर तासभर वाफ देतो आणि त्याला तहान लागत नाही, त्या बॉयलरपाशी शहाण्याने उभं राहू नये.

भिंतीपलीकडे इस्त्रीचं दालन होतं. तिथे बारा बायका चादरी रुळाखाली सरकवत होत्या आणि कशावर तरी खो-खो हसत होत्या. त्यातला सगळ्यात मोठा आवाज शांतोबाच्या बायकोचा होता.

आता कुणीही म्हणेल, बॉयलरवर पंचवीस वर्षं काढलेला माणूस, त्याने आधी आग बंद करावी आणि मग तोंड उघडावं. अगदी बरोबर. पण शांतोबा असं ताडकन काही करणाऱ्यांतला उरला नव्हता, आणि तो तसा का उरला नव्हता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शांतोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच पडून असायचं. त्याला कुणी ओरडलं तर तो म्हणे, "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर माफी हाच मागायचा. बायको चारचौघींत सांगायची, "उद्या ह्यांना कुत्रा चावला तर हे त्यालाच विचारतील, बाबा रे, दात दुखले नाहीत ना?"

पण बावीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाला सगळे 'तोफ' म्हणायचे. तेव्हा त्याच्या हाताखाली बॉयलरची आग राखणारा एक म्हातारा फायरमन होता. ती काच आणि तिच्यामागचा नळ गाळाने तुंबू नये म्हणून रोज सकाळी खालचा कॉक उघडून ते धुऊन काढावे लागतात. एके दिवशी नळात गाळ सापडला. तोफ धडाडली. म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, "मी रोज उघडतो, बाळा." ते 'बाळा' तोफेला झोंबलं, आणि पाळीतल्या सगळ्या माणसांदेखत त्याने त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी कॉक खोलल्यावर कळलं, की आतली खीळ तुटली होती. म्हातारा रोज दांडा फिरवत होता, दांडा फिरतही होता, पण आतलं काही फिरत नव्हतं. म्हातारा खरं बोलत होता. तो मात्र आदल्या दिवशीच निघून गेला होता, जेवणाचा डबासुद्धा न घेता. पंधरा दिवसांनी तोफेने कसाबसा धीर गोळा केला आणि तो डबा घेऊन माफी मागायला गेली, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेले. लेक कुठे असते, ते तिला ठाऊक नव्हतं.

त्याआधी शांतोबा चर्चला जायचा तो नवा सदरा दाखवायला. त्यानंतर शेवटच्या बाकावर बसायला लागला आणि ऐकायला लागला. प्रभूने गुडघे टेकून शिष्यांचे पाय धुतले, हे त्याने लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. त्या रविवारी ते प्रथमच त्याच्या कानातून खाली उतरलं, आणि तो लहान मुलासारखा रडला. घरी येऊन त्याने शपथ घेतली, की ह्यापुढे कुणालाही चारचौघांत खाली मान घालायला लावणार नाही.

शपथ चांगली होती आणि त्याने ती पाळली. दर शनिवारी तो वॉर्डात जाऊन ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्यांची नखं कापायचा. मुख्य जागा चालून आली ती त्याने नाकारली. ह्यात ढोंग काडीचं नव्हतं. पण अति तिथे माती, हे चांगुलपणालाही लागू आहे, आणि तिथे ती माती लवकर दिसत नाही, एवढंच.

त्याने नाकारलेली जागा नव्या साहेबांना मिळाली. साहेब तिशीचे, किडकिडीत, चष्मा लावणारे, भांडारातून बढती होऊन आलेले. परीक्षा पास होते, पण बॉयलर त्यांनी जास्त करून पुस्तकात पाहिलेला. पहिल्या दिवशी अनोळखी कुत्र्यासमोर उभं राहावं तसे ते बॉयलरसमोर हात मागे बांधून उभे राहिले. मग काचेकडे निरखून पाहिलं, वहीत लिहिलं, 'काच तपासली, ठीक', आणि सही केली.

शांतोबाच्या तेव्हाच लक्षात आलं, की काच तपासणं म्हणजे काचेकडे पाहणं असंच साहेब समजतात. एका वाक्याचं काम होतं. पण पाळीतली माणसं आजूबाजूला होती, साहेब आधीच घामाघूम झाले होते, आणि शांतोबाला तो म्हातारा आठवला. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास आधी येऊ लागला. कुणी यायच्या आत कॉक उघडायचा, नळ धुवायचा, हात पुसायचा. साहेब यायचे, काच पाहायचे, सही करायचे. असे चौदा महिने गेले. साहेबांचा मान राहिला आणि बॉयलरही चालला. ह्याहून बरं काय असतं?

मग शांतोबाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. रजेवर जाताना ते एक वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता ते बोलणं म्हणजे, 'साहेब, चौदा महिने तुम्ही खोट्या सह्या केल्यात' असं म्हणण्यासारखं होतं. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, असं म्हणून त्याने ते गिळलं.

आणि कालचा रविवार. पाळकांनी उपदेशात नम्रतेचा विषय घेतला. ऑपरेशननंतर प्रथमच चर्चला आलेल्या शांतोबाकडे हात करून ते म्हणाले, "उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं? शेवटच्या बाकाकडे बघा." साठ-सत्तर माना वळल्या. शांतोबाने मान खाली घातली, पण कान टवकारलेलेच होते. घरी जाताना त्याला जखमेचं दुखणं जाणवलं नाही.

तर असा हा माणूस सोमवारी सकाळी न हलणाऱ्या पाण्यासमोर उभा होता.

त्याने खालचा कॉक उघडला. काचेतलं पाणी फस्सकन खाली गेलं. कॉक बंद केल्यावर ते टुणकन उसळून वर यायला हवं होतं. ते आलं, पण गुडघे धरलेली म्हातारी जिना चढते तसं, थांबत थांबत. मध्ये तर ते थांबूनच राहिलं. नळ तुंबत आला होता. त्याच एका नळावर काच होती, त्याच नळावर पाणी उतरलं की वाजणारी घंटी होती, आणि पंपाला हुकूम देणारा तरंगता गोळाही त्याच नळावर होता. तिघं मिळून एकच खोटं बोलत होते. आत पाणी खरंच किती उरलं आहे, ते त्या घटकेला फक्त देवाला ठाऊक होतं.

शांतोबा साहेबांच्या खोलीच्या दारात गेला.

"साहेब, जरा त्या पंपाचं..."

"काय झालं पंपाला?"

"बराच वेळ वाजला नाही. म्हणजे मला तरी ऐकू आला नाही. माझेच कान असतील."

साहेब हसले. मनाने वाईट नव्हते ते. "काका, तीन आठवडे झोपून होतात तुम्ही. बसा जरा निवांत. काचेत पाणी आहे ना?"

"दिसतंय."

"घंटी वाजली का?"

"नाही."

"मग झालं तर."

"हो," शांतोबा म्हणाला. "झालं तर."

आणि तो परत फिरला. तो परत फिरला! वाटेत त्याने प्रार्थना केली, आणि मागितलं काय, तर शांत राहण्याचं बळ. ज्याच्याजवळ ते पोतंभर पडलं होतं, तो आणखी तेच मागत होता.

बॉयलरच्या तोंडाजवळ आता एक वास येत होता. तापलेल्या रंगाचा. अजून बारीक होता, पण सकाळी तो नव्हता.

तेवढ्यात बायको दारातून आत आली. हातात त्याची दहाची गोळी आणि पाण्याचा पेला. त्याच्या तोंडाकडे पाहून ती थबकली.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मी वीस वर्षं ऐकतेय. कुणी बोललं का तुम्हाला?"

"नाही गं. साहेबांना एक सांगायचं होतं. सांगितलं."

"सांगितलं की पुटपुटलात?" ती वैतागून म्हणाली. "अहो, नम्र असणं वेगळं नि मुकं असणं वेगळं. घ्या गोळी."

त्याने गोळी घेतली. ती रिकामा पेला घेऊन वळली आणि भिंतीपलीकडे निघून गेली. 'तू तिकडे जाऊ नकोस' हे चार शब्द त्याच्या घशात होते आणि ते तिथेच राहिले, कारण ते बोलायचे तर सगळ्या बायकांना सांगावं लागलं असतं, आणि सगळ्यांना सांगायचं तर साहेब चारचौघांत खोटे पडले असते. पलीकडे पुन्हा हशा पिकला. बहुतेक ती त्याचीच नक्कल करून दाखवत होती.

तो हशा शांतोबाच्या कानावर पडला. आपण कुणाला वाचवतोय? साहेबांना? की कालच्या रविवारी ज्याच्याकडे साठ-सत्तर माना वळल्या होत्या, त्या शेवटच्या बाकावरच्या माणसाला? हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. उत्तर मात्र लगेच आलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

तो पुन्हा साहेबांकडे निघाला, तर साहेबच बाहेर येत होते. धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन दोन बायका मधून चालल्या होत्या.

"काका, तुमचा चेहरा बघून मलाच चैन पडेना," साहेब म्हणाले. "चला, तुमच्या समाधानासाठी पंप हाताने चालू करतो. घालू पाणी भरपूर. मग तर झालं?"

त्यांनी बटणाकडे हात नेला. केवळ चांगुलपणाने नेला. आतल्या नळ्या कोरड्या पडून लाल झाल्या असतील आणि त्यांवर गार पाणी पडलं, तर क्षणात त्याची वाफ होते, आणि मग ती वाफ भिंत आहे की माणूस आहे ते पाहत नाही.

"हात काढ!"

तो आवाज कुणाचा, ते गाडीवाल्या बायकांना कळलंच नाही. साहेब दचकले, पण हात तसाच राहिला. "काका, मी फक्त..."

शांतोबाने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना दोन्ही हातांनी ढकलून दिलं. साहेब गाडीवर आदळले, चादरींसकट खाली पडले, चष्मा उडून भिंतीपाशी गेला. शांतोबाने तिकडे पाहिलं नाही. त्याने बर्नर बंद केला. आग विझली. मग तो इस्त्रीच्या दालनाच्या दारात उभा राहून, ऑपरेशनचे टाके विसरून, बेंबीच्या देठापासून ओरडला, "सगळ्या बाहेर! आहे ते टाका! अंगणात व्हा, पळा!"

बायको रुळापाशी तोंड उघडं टाकून उभी होती. "काय बघतेस?" तो तिच्यावरही खेकसला. "पळ!"

अंगणात बारा बायका, पाळीतली माणसं आणि चष्मा नसलेले साहेब उभे राहिले. साहेबांचं कोपर सोललं होतं. थोड्या वेळाने इस्पितळाच्या मोठ्या बाई तरातरा आल्या. ऑपरेशनच्या खोलीला कपडे हवे होते आणि वाफ थांबली होती.

"बॉयलर कुणी बंद केला?"

"मी."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही."

"आणि ह्यांना ढकललंत तुम्ही? तुम्ही?" बाईंना रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. "तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. ताबडतोब घरी जा."

"बॉयलर गार होईपर्यंत मी हलणार नाही, बाई. आणि कुणाला आतही जाऊ देणार नाही. नंतर काय ते करा."

तो बॉयलरघराच्या दाराला पाठ लावून पायरीवर बसला. पोटातून कळा येत होत्या. समोर माणसं कुजबुजत होती आणि त्यांचे डोळे त्याला नीट वाचता येत होते. बावीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्यासमोर तो उभा होता, तेव्हा हेच डोळे होते. आत पाणी निघालं तर? तर आपण दुसऱ्यांदा, त्याच जागी, एका निरपराध माणसावर हात टाकला असं होईल. आणि तरी त्या पायरीवर बसून शांतोबा दिवसभर देवाजवळ एकच मागत राहिला, की प्रभू, आत पाणी असू दे. मला खोटं पाड. बायको शेजारी येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या मिस्त्रीने बॉयलर उघडला. बॅटरी घेऊन आत डोकावला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने हाताने दाखवलं, पाणी कुठवर होतं. काचेने दाखवलं त्याच्या वीतभर खाली. वरच्या दोन ओळींच्या नळ्या जळून निळ्या पडल्या होत्या आणि मधोमध वाकल्या होत्या.

"ह्यावर गार पाणी घातलं असतं तर?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रीने भिंतीकडे बोट केलं. "पलीकडे किती माणसं बसतात?"

"बारा."

"मग विचारू नका."

मोठ्या बाईंनी वही मागवली. तीन आठवड्यांत रोज लिहिलेलं होतं, 'काच तपासली, ठीक'. खाली साहेबांची सही. साहेबांचा चेहरा चादरीहून पांढरा झाला. बाई शांतोबाकडे वळल्या, त्यांचा आवाज मऊ झाला, कालचं सगळं मागे घेऊन त्या आता त्याला शाबासकी देणार हे उघड होतं. साहेबांचं जे व्हायचं ते झालं असतं, आणि शांतोबा पुन्हा गप्प राहिला असता तर पुढच्या रविवारी पाळकांना आणखी एक उदाहरण मिळालं असतं.

"ह्यांना काच कशी धुवायची ते कुणी दाखवलंच नाही," शांतोबा म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून रोज मी चोरून धूत होतो, हे यायच्या आधी. रजेवर गेलो तेव्हाही बोललो नाही."

"पण का?" बाईंनी विचारलं.

"ह्यांना वाईट वाटू नये म्हणून." तो थांबला. सगळी पाळी ऐकत होती, बायकोही. "आणि मला चांगलं वाटावं म्हणून."

साहेबांचा आवाज फुटला. "वाईट वाटलं असतं तर मी एक दिवस जेवलो नसतो, काका. एवढंच झालं असतं. एक दिवस!" त्यांनी भिंतीकडे नुसता हात केला आणि तोंड फिरवलं.

बाईंनी दोघांनाही ठपक्याची पत्रं दिली, आणि दोघांनीही ती मुकाट्याने घेतली.

नव्या नळ्या बसून बॉयलर पुन्हा पेटला त्या दिवशी साहेब सहालाच हजर होते. पाळी जमली होती. पलीकडे बायका रूळ पुसत होत्या आणि मधलं दार उघडं होतं.

"इकडे ये," शांतोबा म्हणाला. "हात इथे ठेव. आता उघड."

साहेबांनी दांडा हळूच फिरवला.

"जोरात! आणि माझ्याकडे काय बघतोस? डोळे काचेवर!"

पलीकडचं पुसणं थांबलं. कुणीतरी हसू दाबलं, आणि बायकोने तिला 'गप' म्हटलेलं ऐकू आलं. काचेतलं पाणी खाली गेलं. काच रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या काचेकडे बघताना दोघांनीही श्वास धरून ठेवला. मग साहेबांनी कॉक बंद केला, पाणी उसळून वर आलं आणि अर्ध्यावर थरथरत राहिलं.

"परत," शांतोबा म्हणाला.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "आणि मी चुकलो तर?"

"ओरडेन."

"असंच? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

साहेबांनी मान डोलावली आणि दांडा पुन्हा धरला.